जुनं मॉडेल की नवं? इंदूरच्या उन्हात टिकेल असा गेमिंग लॅपटॉप निवडताना

२०२५च्या दिवाळीआधी भाच्याला घेऊन मी आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलच्या तीन फेऱ्या केल्या. त्याचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, बजेट ताईने ठरवून दिलेलं, आणि डोक्यात कॉलेजच्या कामाइतकेच गेमही. तिसऱ्या दिवशी काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी आले. एक २०२३चं मॉडेल, दुकानात पडून राहिलेला बॉक्स पॅक पीस: इंटेलचा कोअर आय-सेव्हन १३६५०एचएक्स प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र तयार करणारी चिप. दुसरा २०२५मध्येच आलेला: कोअर फाइव्ह २१०एच आणि आरटीएक्स ५०५०. किमतीत फरक जेमतेम दोन हजारांचा. तिसरा पर्याय भाच्याच्या मोबाइलमध्ये होता. भंवरकुआच्या होस्टेलमधला एक मुलगा आरटीएक्स ३०६०चा लॅपटॉप विकत होता, निम्म्याहून थोड्या जास्त किमतीला.

"भिया, पुराना क्यूँ ले रहे हो, ये तो अभी-अभी आया है," दुकानदार म्हणाला. भाच्यानेही री ओढली, "मामा, पन्नासची सिरीज आहे, पाच वर्षं बघायला नको."

कार्डाच्या नावातले पहिले दोन आकडे म्हणजे त्याची सिरीज, म्हणजेच पिढी, त्यामुळे ऐकायला दोघांचंही बरोबर वाटतं. पण मॉडेलच्या सालावरून तो बाजारात कधी आला एवढंच कळतं. आत काय बसवलंय, त्याला वीज किती मिळते आणि उष्णता बाहेर काढायची सोय कशी आहे, हे वेगळं पाहावं लागतं. २०२१मध्ये मी स्वतः हे न पाहता पैसे मोजले होते, म्हणून त्या दिवशी भाच्याला घाई करू दिली नाही. आम्ही ज्या क्रमाने तपासत गेलो, त्याच क्रमाने लिहितोय.

सुरुवात गेमच्या यादीपासून

दुकानात जाण्याआधी कागदावर पाच गेम लिहा: आज खेळता ते आणि येत्या वर्षभरात खेळायचेच आहेत ते. या यादीवरून अर्धा निर्णय होतो.

यादीत व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे स्पर्धेचे गेम असतील, तर ग्राफिक्स कार्डावर फार भार नसतो. तिथे प्रोसेसर आणि स्क्रीनचा वेग महत्त्वाचा. अशा मुलासाठी जुन्या पिढीचं कार्ड आणि १४४ हर्ट्‌झचा (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) चांगला स्क्रीन पुरतो. जास्तीचे वीस हजार नव्या कार्डावर घालण्यात मला काही हशील दिसत नाही.

मोठे, कथा असलेले गेम असतील तर गोष्ट वेगळी. डिसेंबर २०२४मध्ये आलेला इंडियाना जोन्सचा गेम आणि मे २०२५मधला डूम: द डार्क एजेस, हे दोन्ही रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून सावल्या, प्रतिबिंबं दाखवण्याची) सोय असलेल्या कार्डाशिवाय सुरूच होत नाहीत. म्हणजे जीटीएक्स १६५० किंवा १६६० टीआय असलेला लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला, तरी अशा गेमसाठी तो बाद. जीटीएक्स १०५०, १०६० या दहाच्या सिरीजचे तर गेमसाठीचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५पासून थांबवले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. 'जुनं' म्हणताना आपण किती मागे जायचं, त्याची सीमा मी इथे आखतो: आरटीएक्स ३०ची सिरीज, २०२१. त्याआधीचं मशीन गेमिंगसाठी म्हणून घेऊ नका.

यादीत गेमसोबत कामही लिहा. व्हिडिओ एडिटिंग, ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर, मशीन लर्निंगचे प्रोजेक्ट यांना कार्डाची मेमरी लागते, आणि ही मेमरी नंतर वाढवता येत नाही.

कार्डाचं नाव वाचून थांबू नका, वॅट विचारा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा. डेस्कटॉपमध्ये कार्ड ठरलेल्या विजेवर चालतं. लॅपटॉपमध्ये तेच नाव असलेलं कार्ड कंपनी आपल्या बॉडीच्या जाडीप्रमाणे कमी-जास्त विजेवर बसवते. एनव्हिडियाने दिलेला पल्लाच एवढा मोठा आहे: लॅपटॉपचं आरटीएक्स ३०६० हे ६० ते ११५ वॅट, आणि ४०५० व ४०६० तर ३५ ते ११५ वॅट. त्यावर डायनॅमिक बूस्ट म्हणून काही वॅट वेगळे मिळतात, त्यामुळे काही जाड मशीनमध्ये ४०६० हे १४० वॅटपर्यंत जातं.

२०२१मध्ये मी घेतलेल्या पातळ, देखण्या लॅपटॉपच्या खोक्यावर आरटीएक्स ३०६० लिहिलेलं होतं. माझ्या मित्राकडेही ३०६०च होतं, पण जाडजूड बॉडीत. एकाच गेममध्ये, एकाच सेटिंगवर त्याच्याकडे फ्रेम, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, ठळकपणे जास्त येत. बरेच दिवस मला वाटलं, माझ्या मशीनमध्ये बिघाड आहे. बिघाड काहीच नव्हता. माझं कार्ड पल्ल्याच्या खालच्या टोकाला बसवलेलं होतं, त्याचं वरच्या. दोघांनी पैसे जवळपास सारखे मोजले होते.

वॅट कुठे बघायचे? कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये 'टीजीपी' किंवा 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' म्हणून आकडा असतो. चालू मशीन समोर असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा आणि त्यातलं सिस्टिम इन्फर्मेशन पाहा, तिथे तोच आकडा लिहिलेला असतो. दुकानदाराला हे उघडायला सांगण्यात संकोच वाटू देऊ नका. सिल्व्हर मॉलमध्ये दोन दुकानदारांनी आनंदाने दाखवलं. एकाने टाळलं, तेव्हा आम्ही उठलो.

जास्त वॅट म्हणजे त्याच प्रमाणात जास्त वेग, असंही नाही. ४०च्या सिरीजची मधली कार्डं साधारण शंभर वॅटच्या पुढे फारशी वाढत नाहीत. त्यामुळे ११५ आणि १४०मध्ये रात्र घालवू नका. पण ५० आणि १००मधला फरक डोळ्यांना दिसतो.

पिढ्यांमधलं अंतर सारखं नसतं

नवं चांगलं हे खरं, पण किती चांगलं ते दर वेळी वेगळं असतं, आणि त्याचं कारण कारखान्यात आहे.

३०च्या सिरीजच्या चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनल्या. २०२३मध्ये लॅपटॉपमध्ये ४०ची सिरीज आली, ती तैवानच्या टीएसएमसीच्या कितीतरी पुढच्या प्रक्रियेवर. त्यामुळे तेवढ्याच विजेत जास्त काम, किंवा तेवढंच काम कमी उष्णतेत, असा खरा फायदा मिळाला. ५०ची सिरीज २०२५मध्ये आली ती टीएसएमसीच्या त्याच ४एन कुटुंबातल्या प्रक्रियेवर. तिथे फायदा आहे तो मुख्यतः नव्या जीडीडीआर७ मेमरीचा आणि नव्या सॉफ्टवेअर सोयींचा. थोडक्यात, ३०वरून ४०वर जाण्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला मी तयार असतो. ४०वरून ५०वर जाण्यासाठी हात आखडता घेतो.

मग पायरीचा प्रश्न येतो. नावातले शेवटचे दोन आकडे म्हणजे पायरी: ५०, ६०, ७०. नव्या पिढीची खालची पायरी जुन्या पिढीच्या वरच्या पायरीजवळ पोचते, पण दर वेळी ओलांडतेच असं नाही. पूर्ण विजेवर चालणारी ३०६० आणि ४०५० जवळपास बरोबरीची. ४०६० ही ३०७०च्या आसपास. ५०५० ही ४०६०च्या जवळ. म्हणून 'पन्नासची सिरीज' ऐकून ५०५०ला ४०६०पेक्षा एक पाऊल पुढे समजू नका. आमच्यासमोरचे दोन्ही लॅपटॉप गेमच्या बाबतीत एकाच रांगेत उभे होते.

मेमरीचं पाहा. ३०५०च्या सुरुवातीच्या आवृत्तीत ४ जीबी, ३०६० आणि ४०५०मध्ये ६ जीबी, ४०६०, ५०५० आणि ५०६०मध्ये ८ जीबी. आजच्या मोठ्या गेममध्ये १०८०पी रिझोल्यूशनवरही ४ जीबी भरून जातं, मग खेळ अडखळतो आणि भिंतींचे, चेहऱ्यांचे पोत धूसर दिसतात. ६ जीबीत टेक्स्चरचं सेटिंग एक-दोन पायऱ्या उतरवून निभतं. चार वर्षं वापरायचं असेल तर ८ जीबी धरा. नवं ४०५० आणि जुनं ३०७० यांत निवडायची वेळ आली, ३०७० चांगल्या अवस्थेत असेल आणि किंमत तीच असेल, तर मी त्याच्या ८ जीबीकडे झुकेन. आणखी एक, ४०७० आणि ५०७०च्या लॅपटॉप आवृत्तीतही ८ जीबीच मेमरी आलेली आहे. फक्त मेमरीसाठी त्या पायरीवर चढू नका.

आता सॉफ्टवेअर. डीएलएसएस या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअर सोयीचं चित्र मोठं करून देण्याचं काम सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतं, अगदी त्याचं २०२५मध्ये आलेलं सुधारित रूपसुद्धा. फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली फ्रेम घालणं, एनव्हिडियाकडून ४०च्या सिरीजपासून मिळतं. एकाच वेळी एकाहून जास्त बनवलेल्या फ्रेम घालण्याची सोय फक्त ५०मध्ये. जाहिरातीतल्या आलेखांचे उंच उंच स्तंभ बहुतेक याच बनवलेल्या फ्रेमचे असतात. मुळात साठेक खऱ्या फ्रेम येत असतील तर ही सोय छान वाटते. मुळात तीसच येत असतील तर आकडा शंभर दिसला तरी माउस जड लागतो, कारण बटण दाबल्यापासून पडद्यावर घडेपर्यंतचा वेळ खऱ्या फ्रेमवर ठरतो. आकडे पाहायचे तर फ्रेम जनरेशन बंद ठेवून घेतलेले पाहा.

यूट्यूबसाठी व्हिडिओ करणाऱ्यांना ४०पासून पुढे एव्ही१ एन्कोडिंग (व्हिडिओ कमी जागेत साठवायची नवी पद्धत) मिळतं, हे एक ठोस कारण नव्याच्या बाजूने आहे.

प्रोसेसर: नवं नाव, जुनं घराणं

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, आणि ग्राहकाचा दोष त्यात कमी. कंपन्या जुन्याच रचनेला नवा नंबर देतात.

समोरचंच उदाहरण घ्या. २०२५च्या लॅपटॉपमधला कोअर फाइव्ह २१०एच हा इंटेलच्या रॅप्टर लेक घराण्यातला, ८ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि १२ थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा). २०२३च्या लॅपटॉपमधला १३६५०एचएक्स त्याच घराण्यातला, पण १४ कोअर आणि २० थ्रेडचा. नाव नवं, साल नवं, आणि तरी हातात कमी. भाच्याचा चेहरा हा आकडा पाहून पहिल्यांदा बदलला.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्यातही तेच. रायझेन ७ ७७३५एचएस म्हणजे २०२२च्या ६८००च्याच रचनेचा प्रोसेसर, तर ७८४०एचएसमध्ये नवी झेन ४ रचना. ओळखायला सोपं: ७०००च्या सिरीजमध्ये तिसरा आकडा पाहा. ३ असेल तर झेन ३ किंवा झेन ३ प्लस, ४ असेल तर झेन ४. ८८४५एचएस आणि त्यानंतरचा रायझेन ७ २६० हेही झेन ४च. आणि ७४३५एचएसमध्ये प्रोसेसरसोबत येणारं छोटं ग्राफिक्सच नाही, त्यामुळे साधं ब्राउझिंग करतानाही मोठं कार्ड जागं राहतं आणि बॅटरी झरझर उतरते. कॉलेजमध्ये दिवसभर नोट्स घेणाऱ्या मुलाने हे टाळावं. घरी टेबलावरच वापरायचं असेल तर त्याच्यात वाईट काही नाही, आणि तो स्वस्त मिळतो.

खालची हद्द म्हणून इंटेलची बारावी पिढी किंवा एएमडीचा ५८००एच लक्षात ठेवा. अकराव्या पिढीचा ११८००एचही अजून काम देतो, फक्त गरम होतो. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे विंडोज ११ न चालणारं काही घ्यायचा प्रश्नच नाही. व्हॅलोरंटला तर विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू लागतात.

रॅम, एसएसडी, स्क्रीन

रॅमबद्दल आधी मी म्हणायचो, ८ जीबीवाला घ्या, पुढे वाढवू. आता म्हणत नाही. २०२५च्या शेवटापासून डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमच्या किमती भडकल्या आहेत. १६ जीबी आतच असलेला लॅपटॉप घ्या, आणि ते ८ अधिक ८ असे दोन तुकडे असतील तर उत्तम, कारण दोन मार्गांनी डेटा गेला की गेममधले झटके कमी होतात. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलात की किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. रॅम बोर्डावर चिकटवलेली असेल तर पुढचा रस्ता बंद, तेव्हा आत्ताच विचार करा. डीडीआर४ की डीडीआर५ (रॅमच्या दोन पिढ्या) यावर गेमिंग लॅपटॉपचा निर्णय फिरवू नका.

एसएसडीचा दुसरा स्लॉट आहे का, एवढं विचारा. ५१२ जीबीत तीन-चार मोठे गेम मावतात आणि मग कुरबुर सुरू होते.

स्क्रीनवर मात्र मी अडून बसतो. लॅपटॉपमधली एकच गोष्ट तुम्ही सतत पाहता, आणि स्वस्त नव्या मॉडेलमध्ये कंपन्या पैसे इथेच वाचवतात. स्पेसिफिकेशनमध्ये '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं दिसलं (एनटीएससी, एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायची मापं), तर रंग फिके असणार हे समजा. शंभर टक्के एसआरजीबी असेल तर फोटो, व्हिडिओ, गेम सगळ्यांत जीव येतो. दोन्ही मशीनवर तोच फोटो उघडा. आम्ही राजवाड्याचा फोटो उघडला होता. एकावर वरच्या मजल्यांचं लाकूड तपकिरी दिसत होतं, दुसऱ्यावर राखाडी. प्रकाश ३०० निटच्या खाली असेल तर खिडकीशेजारी बसून काम करता येत नाही. आणि मक्स स्विच आहे का ते पाहा. तो असेल तर कार्डाचं चित्र छोट्या ग्राफिक्सला वळसा न घालता थेट स्क्रीनवर जातं, त्याने थोड्या फ्रेम वाढतात.

ऊन, धूळ आणि कूलर

आता इंदूरचं. परीक्षणं बहुतेक वातानुकूलित खोलीत होतात. आमच्या रामबागेतल्या घरात मे महिन्याच्या दुपारी पंख्याखाली बसलं तरी घाम सुटतो. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो. चिपचं तापमान खोलीच्या तापमानावर चढत जातं: खोली २५ अंशांवर असताना गेममध्ये प्रोसेसर ८५ला थांबत असेल, तर ४० अंशांच्या खोलीत तोच भार त्याला शंभराच्या दारात नेतो. इंटेलच्या बहुतेक गेमिंग प्रोसेसरची मर्यादा १०० अंश, एएमडीची मॉडेलप्रमाणे ९५ ते १०५. मर्यादा गाठली की चिप स्वतःला वाचवायला वेग उतरवते, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. महागडं नवं कार्ड पातळ बॉडीत अशा वेळी जुन्या जाड मशीनच्या मागे पडू शकतं.

म्हणून बॉडी उलटी करून पाहा. खाली हवा आत घ्यायच्या जाळ्या किती मोठ्या आहेत? गरम हवा मागूनच निघते की उजव्या बाजूनेही? उजवीकडून निघाली तर माउसवरचा हात भाजत राहतो. हीट पाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) दोन आहेत की चार, ते परीक्षणांच्या फोटोंमध्ये दिसतं. त्याच मालिकेतल्या २०२३ आणि २०२५च्या बॉडी तुलनेला ठेवल्या, तर कधी कधी नवी बॉडी जास्त पातळ केलेली आढळते. ते सुधारणा म्हणून सांगितलं जातं. मे महिन्यात ती सुधारणा राहत नाही.

माळव्याची रात्र थंड, शब-ए-मालवाची ख्याती उगाच नाही. पण त्यामुळेच रात्री अकराला घेतलेल्या टेस्टवर विसंबू नका. सेकंडहँड मशीन बघायचं असेल तर दुपारी बघा.

इथल्या बऱ्याच घरांत उन्हाळ्यात पाण्याचा कूलर चालतो. त्याच्या झोतासमोर लॅपटॉप ठेवू नका, ओली हवा आणि धूळ एकत्र आली की हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पात्यांमध्ये चिखलासारखा थर बसतो. लॅपटॉप बाजूला, मागून एक-दोन इंच उचलून ठेवा. आणि जुन्या घरात आधी अर्थिंग तपासून घ्या. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर लॅपटॉपला दोष देण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सेकंडहँडसाठी अर्धा तास

होस्टेलच्या मुलाकडे आम्ही दुपारी तीनला गेलो. चार्जर सोबत आहे का, आणि तो मूळचाच आहे का, हे पहिलं. १८० किंवा २३० वॅटच्या जागी कोणी छोटा चार्जर दिला, तर गेम सुरू असताना बॅटरी उतरत जाते आणि फ्रेमही पडतात. मग बिल आणि मागचा सिरीयल नंबर जुळवा, आणि तोच नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी पाहा. बिल नसेल तर मी पुढे बोलत नाही.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत पॉवरसीएफजी लिहा, एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरपी रेघ द्या आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट लिहा. एक फाइल तयार होते. त्यात मूळ क्षमता आणि आता भरणारी क्षमता शेजारी मिळतात. दुसरा आकडा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर एसएसडीचं आरोग्य टक्क्यांत सांगतं.

मग एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून एखादा जड गेम वीस मिनिटं चालवा. पहिली पाच मिनिटं काहीच सांगत नाहीत, धातू तापायला वेळ लागतो. तापमान, कार्डाचे वॅट आणि फ्रेम तिन्ही पाहा. फ्रेम सुरुवातीला नव्वद आणि वीस मिनिटांनी पंचावन्न असतील तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळलीय किंवा पात्यांत धूळ भरलीय. हे दुरुस्त होतं, पण किंमत त्याप्रमाणे कमी व्हायला हवी. पंख्यात खरखर असेल तर बेअरिंग गेलं. झाकण दहा वेळा उघडबंद करा, हिंजजवळ प्लास्टिकला चीर पडलीय का नखाने चाचपा. पांढरा, काळा, लाल असे पूर्ण रंगाचे पडदे लावून मेलेले पिक्सेल शोधा. सगळे यूएसबी, कीबोर्डचं प्रत्येक बटण. शेवटी विक्रेत्याला त्याचं मायक्रोसॉफ्ट खातं तुमच्यासमोर काढायला लावा, आणि बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) पासवर्ड नाही याची खात्री करा.

त्या मुलाचं मशीन प्रामाणिक निघालं. कार्ड ११५ वॅटचं, तापमान ठीक. बॅटरी मात्र मूळ क्षमतेच्या साठ टक्क्यांवर आली होती, आणि वॉरंटी संपलेली.

पैशाचं गणित

जुन्याची मागितलेली किंमत ही खरी किंमत नव्हे. सेकंडहँडमध्ये बॅटरी, पेस्ट, कदाचित मोठी एसएसडी यांचे पैसे मिळवा, मग वॉरंटी नसल्याची जोखीम म्हणून आणखी दहा टक्के धरा. ही बेरीज नव्या मशीनच्या दोनतृतीयांशाच्या वर गेली, तर मी नवं घेतो. बॉक्स पॅक जुन्या मॉडेलसाठी माझा हिशेब वेगळा: तीच पायरी आणि एका पिढीचा फरक असेल तर नव्यासाठी दहा-पंधरा टक्के जास्त द्यायला हरकत नाही. नव्याची पायरी खालची असेल, तर एक रुपयाही जास्त देऊ नये. हे माझे आडाखे आहेत, तुमच्या खिशाप्रमाणे हलवा.

ऑनलाइन सेलची किंमत मोबाइलवर काढून दुकानात दाखवा. जुना स्टॉक पडून असलेला दुकानदार बोलायला तयार असतो, विशेषतः नवं मॉडेल शेजारी आलं की. रोख दिलं तर बिलाशिवाय कमी करून देतो, असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि पक्कं बिल हीच तुमची वॉरंटी. ताईच्या यजमानांचा छोटा व्यवसाय आहे. तुमच्याही घरी कुणाचा जीएसटी नंबर असेल आणि मशीन खरंच व्यवसायासाठी लागणार असेल, तर बिल कुणाच्या नावाने करायचं ते सीएला आधी विचारा.

पडून राहिलेल्या पीसमध्ये एक खास तपासणी: कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटी आधीच सुरू झालेली दिसू शकते, कारण ती कधी कधी माल गोदामातून निघाल्याच्या तारखेपासून मोजलेली असते. बिल अपलोड करून ती तारीख बहुधा दुरुस्त होते, पण ते दुकानदाराकडून तिथल्या तिथे करून घ्या. कंपनीचं सर्व्हिस सेंटर इंदुरातच आहे की मशीन दुसऱ्या शहरात पाठवावं लागेल, हेही फोन करून विचारा. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस लॅपटॉप नसणं काय असतं, ते मला ठाऊक आहे.

आम्ही २०२३चा ४०६०वाला घेतला. दोन हजारांचा फरक त्याच्या बाजूनेच होता, प्रोसेसर मोठा, स्क्रीन शंभर टक्के एसआरजीबी, रॅम बोर्डावर न चिकटवता दोन स्लॉटमध्ये, बॉडी जाड. पन्नासच्या सिरीजमधली जास्तीच्या फ्रेमची सोय गेली, त्याची खंत भाच्याला दोन दिवस होती. समोर ५०५०ऐवजी ५०६० पूर्ण विजेवर, तेवढ्याच चांगल्या स्क्रीनसह आणि पाच-सहा हजारांच्या फरकाने असतं, तर मी नव्याला हो म्हटलं असतं.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात

खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, सिरीयल नंबर दिसेल असा. विंडोज, बायोस आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर अपडेट करा. मग तीच वीस मिनिटांची चाचणी, भर दुपारी, आणि तापमानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. वर्षभराने तोच गेम त्याच सेटिंगवर चालवून आकडा दहा अंशांनी चढलेला दिसला, की साफसफाईची वेळ झाली. दुकानाची बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे ते बिलावर लिहून घ्या आणि सगळे दोष त्या मुदतीतच शोधा. टेबलावर सतत चार्जर लावून वापरणार असाल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा, बॅटरी जास्त वर्षं टिकते. मोठे गेम चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर कार्डाला वीजच पुरेशी मिळत नाही.

भाच्याने दर सहा महिन्यांनी जाळ्या ब्लोअरने साफ करायची आठवण मोबाइलमध्ये लावलीय, पहिली तारीख एप्रिलची, उन्हाळा चढायच्या आत. बिलाची मूळ प्रत ताईच्या कपाटात आहे.